बंदूक कोणी पुसायची

बंदूक बाबांची होती. लायसन्स त्यांच्या नावावर, त्यावरचा फोटो त्यांचा, सही त्यांची. पण त्या बंदुकीच्या नळ्यांमध्ये आत कुठे काय आहे, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. नळी उजेडाकडे धरून एका टोकाला डोळा लावायचा आणि आतली चकाकी कुठे तुटते ते बघायचं, हे काम लग्नाआधीपासून माझ्याकडे होतं आणि लग्नानंतरही माझ्याकडेच राहिलं.

आमचं घर जबलपुरात आणि शेत पाटनच्या रस्त्याला. बाबा सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढायचे. शेती आजोबांकडून आलेली, ती त्यांनी नोकरी सांभाळून केली. थंडीत आम्ही मटार लावायचो. आमच्याकडचा मटार दूरदूर जातो, पण माणसांच्या आधी तो रानडुकरांना आणि रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, आवडतो. त्यासाठी बाबांनी पिकाच्या राखणीचं लायसन्स काढलं आणि एक जुनी दोन नळ्यांची बंदूक घेतली. मारायचं काही नसायचं. हवेत बार काढायचा, डुकरं पळायची, थोड्या वेळाने परत यायची.

मटार भरायला लागला की बाबा शेतातल्या गड्यासोबत मचाणावर राखणीला जात आणि सकाळी स्कूटरवरून घरी येत. पौषातलं दव म्हणजे पाऊसच. बंदूक पोत्यात गुंडाळलेली असे, पोतं ओलं, बंदूक ओली, बाबांचा मफलर ओला. त्यांना अंघोळ करून ऑफिस गाठायचं असे. तरी आधी ते अंगणात बसून बंदूक पुसत, मग चहा घेत.

एकदा असेच पुसायला बसले आणि बसल्या बसल्या झोपले. कापड हातात, बंदूक मांडीवर उघडी. मी तेव्हा दहावीत होते. आईने आतून सांगितलं, "त्यांना उठव, उशीर होऊन राहिला." मी गेले, पण उठवलं नाही. त्यांच्या हातातलं कापड घेतलं आणि त्यांनी सोडलं होतं तिथून पुढे पुसायला लागले. डोळे उघडल्यावर बाबांनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ओरडतील.

"लोखंडाला बोट नको लावू," ते म्हणाले. "बोटांचा घाम लागतो. जिथे बोट लागलं तिथेच उद्या गंज येईल, ठशासकट. कापडातून धर."

त्यांनी मला शिकवलं ते असं. एवढंच.

पुढे सगळंच माझ्याकडे आलं. नळ्या मागच्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या करायच्या. आधी सळईला कोरडी चिंदी लावून नळीत सरकवायची, काळी निघेल ती फेकायची, दुसरी घ्यायची, पांढरी येईपर्यंत. मग तेलाची चिंदी. तेल शिलाई मशीनचं, तेही थेंबांनी. जास्त तेल झालं तर त्याला धूळ चिकटते आणि तीच धूळ पाणी धरून ठेवते. बाहेरून तेलाचा हात फिरवायचा. नंतर नळ्या तोंड खाली करून उभ्या ठेवायच्या, म्हणजे उरलंसुरलं तेल लाकडात उतरत नाही. आणि शेवटी जुन्या धोतराच्या सुती पिशवीत. चामड्याच्या म्यानात कधीच नाही. बाबा म्हणत, चामडं हे कातडंच आहे, ते घाम धरतं. बंदूक म्यानात घेऊन फिरायचं, पण म्यानात घालून झोपवायची नाही. पावसाळ्यात कपाटात एका वाटीत कळीचा चुना ठेवायचो, हवेतला ओलावा तो ओढून घ्यायचा. चुना फुगून फुटला की वाटी बदलायची.

बाबांना काउबॉयचे पिक्चर फार आवडायचे. छावणीतल्या सदर बाजारात तेव्हा एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागत, कॅन्टोन्मेंटचे लोक येत. बाबा मला घेऊन जात, कारण भाऊ लहान होता आणि आईला त्यातलं काही कळत नसे. मलाही कळत नसे. बाबांना संवाद नकोच असत, ते बंदुकींकडे बघत.

"हा माणूस," परतताना ते म्हणायचे, "किती दिवस घोड्यावर आहे? उघड्यावर झोपून राहिला, पाऊस खाऊन राहिला, घोड्याचा घाम वेगळा. आणि बंदूक पाहिली का त्याची? आरशासारखी. अरे, पुसतो कधी? एकदा तरी दाखवा पुसताना!"

नंतर त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की हे गुराखी खरोखरच रोज पुसायचे. त्या मोकळ्या रानात तेल कुठून मिळणार, तर जनावराची चरबी वितळवून, मिठाचा कण नसलेली, कापडाला लावून ती लोखंडावर फिरवायचे. पावसात भिजली की आधी शेकोटीजवळ सुकवायची, मग चरबी. आणि रात्री म्यानातून काढून पांघरुणात, आपल्या अंगाच्या उबेला. बाबा या वाचनाने इतके खूश झाले, की सदरच्या खाटकाकडून त्यांनी खरंच बकऱ्याची चरबी आणली. आमचं घर कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्यांचं. आईने ती डबी बाहेरच्या पडवीतसुद्धा ठेवू दिली नाही. बाबांनी शेतावर नेऊन लावून पाहिली. थंडीत ती मेणासारखी घट्ट झाली, बंदुकीचा घोडा अडकायला लागला आणि शेतातलं कुत्रं बंदूक चाटायला लागलं. मी इतकी हसले, की बाबांनाही हसावं लागलं.

हे मी आज सांगतेय म्हणून गोड वाटतं. तेव्हाही गोडच होतं. त्याचाच राग येतो.

माझं लग्न जबलपुरातच झालं, माहेरापासून स्कूटीने दहा मिनिटांवर. मी शाळेत शिकवायला लागले. रविवारी सकाळी माहेरी जायचं आणि बंदूक पुसायची, हे सुरूच राहिलं. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून माहेरी बंदूक साफ करायला जाते, रायफलवाली आहे." ह्यांनी कधी काही म्हटलं नाही. ह्यांचं काही न म्हणणं मी खूप वर्षं भलेपणा समजत होते.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. सुट्टीला आला की त्याचं मराठी ऐकून आई कौतुकाने बघत बसे. तो मला सुधारायचा. "ताई, 'काहून' काय गं? 'का' म्हण. लोक हसतात." त्याला बंदुकीचा कंटाळा होता. तेलाच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. लहानपणी मी अंगणात चिंद्या घेऊन बसले, की तो पुस्तक घेऊन गच्चीत जायचा. यात त्याचा काही दोष नाही. प्रत्येकाला सगळं आवडलंच पाहिजे असं नाही.

बाबा रिटायर झाले आणि काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ज्या हाताने केसाएवढी रेघ ओढली, त्या हातातून चहा सांडायला लागला. शेत वाट्याने दिलं. मचाणावर जाणं संपलं. बंदूक आता कुठेच जात नव्हती, पण घरात पडून राहणाऱ्या बंदुकीला जास्त जपावं लागतं. रोज वापरातली बंदूक रोज हाताळली जाते. पडून राहिलेलीकडे बघायचं विसरतो माणूस, आणि गंज तेवढंच बघत असतो. मी विसरले नाही. बाबा खुर्चीत बसून बघत. "डावी नळी, मधोमध, परत एकदा." त्यांना खुर्चीतून नळीच्या आतलं दिसत नसे, तरी ते सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत.

निवडणुका आल्या की लायसन्सवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागतात. बाबा सदरच्या एका जुन्या बंदूकवाल्याच्या दुकानात जमा करत. दुकानदार म्हातारा, मऊ बोलणारा, पांढऱ्या भुवयांचा. त्याच्याकडे भिंतीला लागून लाकडी चौकटीत दुसऱ्यांच्या बंदुका ओळीने उभ्या असत. ऑटोत मी, बाबा आणि आमच्या मधे कापडात गुंडाळलेली बंदूक, असे आम्ही जात असू.

बाबांनी सत्तरी ओलांडल्यानंतरची ही गोष्ट. निवडणूक झाली होती, आम्ही बंदूक परत घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने चहा मागवला आणि म्हणाला, "बाबूजी, अब आपकी उमर हो गई. कायदे में है, जीते-जी बच्चे के नाम करवा सकते हैं. बाद में घरवालों को बहुत दौड़ना पड़ता है."

बाबांनी मान हलवली. "हाँ, सोच तो रहा हूँ."

"बिटिया के नाम कर दीजिए," दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला. "यही तो देखती है. मेरे यहाँ इतनी बंदूकें आती हैं, ऐसी साफ नली किसी की नहीं आती."

मला ते ऐकून काय झालं हे मला अजून नीट आठवतं. कान गरम झाले. चाळिशी उलटलेली बाई मी, शाळेत मुलं मला घाबरायची, आणि मी तिथे लाकडी बाकावर चहाचा ग्लास धरून बक्षीस मिळणाऱ्या मुलीसारखी बसले होते.

बाबा हसले. थट्टा करावी तसे नाही, एखादी सोपी गोष्ट समोरच्याच्या लक्षात आली नाही म्हणून हसावं तसे.

"अरे नहीं भाई, इसकी तो शादी हो गई. लड़का है ना मेरा. पुणे में है."

दुकानदाराने भुवया वर केल्या, मग "अच्छा अच्छा" म्हणत बंदूक काढायला आत गेला.

ऑटोत बसल्यावर मी विचारलंच. "बाबा, मला काहून नाही?"

"काय?"

"बंदूक. माझ्या नावावर काहून नाही करत तुम्ही? तो तर हातसुद्धा लावत नाही तिला."

बाबांना खरोखरच आश्चर्य वाटलं. त्यांचा थरथरता हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "तुझं काय अडून राहिलं त्यात, बेटा? नाव त्याचं राहील. पुसायला तुला कोण नाही म्हणून राहिलं?"

हे वाक्य त्यांनी प्रेमाने म्हटलं. मला ते वाईट मनाने म्हटलेलं हवं होतं. मग मला त्यांच्यावर रागावता आलं असतं आणि त्यांच्या जाण्याआधी तो राग संपलाही असता.

पुढचा रविवार आला. मी ठरवलं होतं, जायचं नाही. सकाळपासून झड लागली होती, भिंतींना ओल आली होती, आमच्या घरातलं मीठसुद्धा डब्यात पाण्यासारखं झालं होतं. मी दोनदा कपडे धुवायला घेतले, दोनदा ठेवले. दुपारी रेनकोट घालून निघाले. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "उशीर केलास," म्हणाले. मी कपाट उघडलं, चुन्याची वाटी बदलली आणि पुसायला बसले.

नाव बदलायला भावाने इथे येऊन अर्ज करायला हवा होता. बाबा फोनवर आठवण देत. तो म्हणे, "पुढच्या महिन्यात बघतो." असे बरेच पुढचे महिने गेले आणि बाबाही गेले. झोपेत गेले, फार हाल झाले नाहीत. नर्मदेवर सगळं केलं. भाऊ रडला, मी रडले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आम्ही तिघं उरलो. बंदूक कायद्याप्रमाणे दुकानात जमा केली होती. भाऊ म्हणाला, "ताई, त्या बंदुकीसाठी तुझी आणि आईची संमती लागेल. मी माझ्या नावावर करून घेतो."

मी म्हटलं, "मला पाहिजे ती."

"तुला? तू काय करशील?"

"जे करून राहिली आतापर्यंत, ते."

"अगं, पण कशासाठी? तुझ्या घरी चालेल का? लायसन्सला पोलीस घरी येतात, शेजारीपाजारी विचारतात. बाईच्या नावावर बंदूक कशी दिसते."

"आणि तू काय करशील?"

"बाबांची आठवण आहे," तो म्हणाला.

मी आईकडे पाहिलं. आईने पदराने डोळे पुसले. "ते सांगून गेले आहेत ना," ती म्हणाली. "त्यांचा शब्द आहे. तू मोठी आहेस, तू कशाला अडून राहिली?"

मोठी आहेस हे मला फक्त काहीतरी सोडायचं असलं की सांगितलं जातं. मी सही केली. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "बरं झालं, आपल्याला कटकट नको."

कागद फिरायला वेळ लागला. तोवर मी सदरला जायची. दुकानदार मला मागच्या खोलीत बसू द्यायचा, बंदूक समोर आणून ठेवायचा, स्वतः शेजारी उभा राहायचा. मी नळ्या पुसायची आणि परत द्यायची. त्याने कधी घाई केली नाही. मग एक दिवस गेले तर तो काउंटरच्या बाहेर आला नाही.

"दीदी," म्हणाला, "भैया के नाम से हो गया है. अब मैं आपके हाथ में नहीं दे सकता. मेरा लायसेंस चला जाएगा."

"मैं कहाँ लेके जा रही हूँ? सिर्फ साफ ही तो करती हूँ."

"मैं समझता हूँ. बाहर से हम तेल का हाथ मार देते हैं, आप फिकर मत करो. भैया को बोलिए जल्दी ले जाएँ."

त्याच्या मागे चौकटीत बाबांची बंदूक दिसत होती. दस्त्यावर एक गाठ आहे, त्यावरून मी ती लांबूनही ओळखते. मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून पाहिली आणि घरी आले.

भाऊ पावसाळा संपल्यावर आला. सोबत चामड्याची नवी केस आणली होती, आत लोकर लावलेली, बाहेर पितळी कड्या.

"यात नको ठेवू," मी म्हटलं. "नेताना ठीक आहे. घरी गेल्यावर काढ आणि कापडात ठेव. मी पिशवी देते."

"अगं ताई, ही खास बंदुकीसाठीचीच आहे."

"बाबा ठेवत नव्हते."

"बाबांच्या वेळी असं मिळत नव्हतं."

मी धोतराची पिशवी तरीही दिली. ती तो स्टेशनवर जाताना माहेरीच, खुर्चीवर विसरून गेला. आईलाही त्याच वेळी घेऊन गेला. एकटी कशी राहणार ती. माझं घर दहा मिनिटांवर होतं, हे कोणाला सुचलं नाही, आणि मीही ते बोलून दाखवलं नाही, कारण ह्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला गेले. मुख्य म्हणजे आईला भेटायला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाच्या ऑफिसातली दोन जोडपी फराळाला आली होती. चांगली माणसं होती. मी बशीत चिवडा घेऊन कडेच्या खुर्चीत बसले होते. बोलता बोलता विषय गावाकडचा निघाला, शेतीचा, जनावरांचा, आणि भाऊ म्हणाला, "आमच्याकडे तर बाबांची बंदूक आहे."

"खरी?" एकाने विचारलं.

"खरी म्हणजे काय! डबल बॅरल. रविवारी सकाळी बाबा आणि मी अंगणात बसायचो साफ करायला. एक सळई असते, तिला चिंदी लावायची, पांढरी निघेपर्यंत आत फिरवायची. बोट लावू द्यायचे नाहीत बाबा. म्हणायचे, जिथे बोट लागेल तिथे उद्या ठसा उमटेल. तो मशीनच्या तेलाचा वास आला ना, की मला अजून आमचं अंगण आठवतं."

चिवडा माझ्या तोंडात तसाच राहिला. मला वाटलं, तो आता माझ्याकडे बघेल, निदान थोडा अडखळेल. तो अडखळला नाही. त्याला खरंच तसं आठवत होतं. गच्चीतून त्याने जे पाहिलं असेल, त्यात त्याने मला उचलून बाजूला ठेवलं होतं आणि स्वतःला बसवलं होतं.

आई दिवाणावर बसली होती. तिने वातीचा कापूस हातात घेतला.

"दाखव ना," पाहुणी म्हणाली.

बाथरूमला लागून एक कपाट होतं, त्याच्या वरच्या कप्प्यातून त्याने केस काढली. कड्या उघडल्या. लोकरीचा कुबट वास आला, तो मला माझ्या खुर्चीपर्यंत आला. त्याने बंदूक उचलून पाहुणीच्या हातात दिली. तिने एका हाताने दस्ता धरला आणि दुसऱ्याने नळ्या, आणि मग तो हात काढून बघितला. तळव्यावर तांबूस पूड होती. तिने संकोचून कागदी रुमालाने पुसली.

नळ्यांवर जागोजाग लाल चट्टे होते. जिथे लोकर दाबून बसली होती, तिथे तर लोकरीचे तंतूच गंजात चिकटले होते.

भाऊ हसून म्हणाला, "जुनी आहे ना. बाबा शेवटी आजारी होते, त्या काळात ताईच बघायची. तिला बिचारीला कुठे जमणार ते सगळं. तेव्हापासूनच सुरुवात झाली असेल."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली.

मी म्हटलं, "कापडात ठेव म्हटलं होतं."

"असं काही नसतं गं ताई," भाऊ म्हणाला, आणि सगळ्यांना विचारलं, "कॉफी चालेल ना?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने आई मागून आली. मी तिला विचारलं, "आई, अंगणात कोण बसायचं?"

"हळू बोल."

"कोण बसायचं, सांग ना."

"तूच बसायचीस," आई म्हणाली. "मला काय माहीत नाही? पण त्याचे ऑफिसचे लोक आहेत. चार लोकांत त्याला खोटं कशाला पाडायचं?"

"आणि मला पाडलं ते?"

"तुला कोण ओळखून राहिलं इथे?" आई म्हणाली, आणि कपांच्या बशा मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी, भावाची बायको, ती केस घेऊन माझ्या खोलीत आली. सोबत जुना टॉवेल आणि कसलंसं तेल होतं. तिचा काही वाईट हेतू नव्हता. "ताई, तुम्हाला येतं ना हे? जरा बघता का? हे तर काही करायचे नाहीत."

मी बंदूक उघडली. नळ्या वेगळ्या करायला जोर लावावा लागला. खिडकीशी जाऊन आत डोळा लावला. डाव्या नळीत मधोमध, जिथे बाबा परत परत पुसायला सांगायचे, तिथे चकाकी नव्हती. खड्डे पडले होते, देवीचे व्रण असतात तसे. वरचा गंज घासून निघतो, खड्डे निघत नाहीत. त्या नळीतून आता बार काढणंही धोक्याचं होतं. उजवी नळी त्या मानाने बरी होती. तासभर बसले असते तर ती वाचली असती.

मी नळ्या परत बसवल्या. "हिला आता काही करण्यासारखं नाही," मी वहिनीला सांगितलं.

हे अर्धंच खरं होतं. ते सांगताना मला वाईट वाटलं नाही. बाबांच्या वस्तूची मला दया यायला हवी होती, पण त्या सकाळी माझ्या हातांना ती वस्तू कोणाची आहे एवढंच कळत होतं. ट्रेनमध्ये परतताना मात्र इटारसीपर्यंत मला ती उजवी नळी दिसत राहिली.

त्यानंतर मी पुण्याला गेले नाही. आईशी फोनवर बोलते. तब्येत, शाळा, इथे मटार आला की नाही, असं. शेत वाट्यानेच आहे. राखणीला आता वाटेकऱ्याने एक भोंगा लावला आहे. त्यातून कुत्र्यांचं भुंकणं आणि माणसांची आरडाओरड वाजत राहते, आणि डुकरांना त्याची सवय झाली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर भावाचा मेसेज आला. लायसन्सची मुदत संपत आली होती, बंदूक नादुरुस्त ठरली, म्हणून त्याने ती सरकारजमा करून टाकली. अशा बंदुका पुढे तोडून टाकतात. सोबत फोटो होता, पोलीस ठाण्याच्या पायरीवर तो आणि हातात ती चामड्याची केस. खाली लिहिलं होतं, "बाबांच्या आठवणीला आज निरोप दिला."

नातेवाइकांचे हात जोडलेले आले, फुलं आली. नागपूरच्या काकांनी लिहिलं, "इतकी वर्षं जीवापाड सांभाळलीस, दादांचा आत्मा समाधानी असेल." त्यावर भावाने डोळ्यांत पाणी असलेला चेहरा टाकला. आईने, म्हणजे आईच्या फोनवरून वहिनीने, दिवा टाकला.

मी कणीक मळत होते. हात धुतले, फोन उचलला, वाचलं आणि ठेवून दिला. ह्यांनीही वाचलं होतं.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू काही लिहिलं नाहीस ग्रुपवर?"

"काय लिहू?"

"काहीतरी. सगळ्यांनी लिहिलं. बरं नाही दिसत."

मी खरं लिहायला घेतलं होतं. अंगण, चिंद्या, ऑटो, सदरच्या दुकानातला चहा, सगळं. बोटं चालली तेवढं लिहिलं. मग वाचून पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई एका मोडक्या बंदुकीसाठी भांडते आहे, यापलीकडे त्यात कोणाला काही दिसलं नसतं. मी ते पुसलं आणि लिहिलं, "बरं झालं."

भावाने त्यावर अंगठा टाकला.